चार श्वासांचा फोटो

विषय : श्री. शार्दूल रेठरेकर, छायाचित्रकार, यांना ललित छायाचित्रणाच्या वार्षिक पुरस्कारासाठी गुरूंचे शिफारसपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने दोन वेळा समक्ष येऊन केलेली विनंती.

उपरोक्त विषयी जे घडले ते मी समोर बसून पाहिले आहे. मी कलाशाळेत हेडक्लार्क होतो. निवृत्त झालो तरी कागद क्रमाने लावायची सवय सुटत नाही, म्हणून हे लावून ठेवतो. अभिप्राय देण्याचा अधिकार मला नोकरीतही नव्हता.

"पण सर, तुमचा आवडता फोटोग्राफर कोण? एक तरी नाव सांगा."

"जो फोटो वेळेवर देतो, तो."

शार्दूल हसला. सरांचं बोलणं विनोद म्हणून घ्यायची त्याला विद्यार्थी असल्यापासून सवय होती. मग त्याने स्वतःचे आवडते फोटोग्राफर सांगायला सुरुवात केली. पहिला फ्रेंच निघाला, दुसरा झेक, तिसरा जपानी. प्रत्येक नावानंतर तो जरा थांबायचा. कीर्तनकार टाळ्यांसाठी थांबतो तसा.

सर ऐकत होते. म्हणजे डोळे मिटून बसले होते.

"आणि आपल्याकडचे?" मी विचारलं.

"आपल्याकडे, काका, फोटोग्राफी आहे. फोटोग्राफी ही कला आहे, ही गोष्ट अजून इथे पोचायची आहे."

"कुठे अडकलीय?" सर डोळे न उघडता म्हणाले.

सर म्हणजे वि. ना. पोतनीस. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत, सतारीच्या एका दुकानावर त्यांचा स्टुडिओ आहे. उत्तरेला मोठी खिडकी. कलाशाळेत त्यांनी छायाचित्रण शिकवलं. देशोदेशीच्या प्रदर्शनांतून त्यांना पदकं मिळाली. ती एका बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि डबा खिडकीचं दार आपटू नये म्हणून लावलेला असतो.

पदकांवर दळण मिळत नाही. त्यामुळे सर शाळा सुटल्यावर आणखी एक काम करायचे.

आमच्या भागात पूर्वी पुष्कळ माणसांचा फोटो आयुष्यात एकदाच निघायचा, तोही ती गेल्यावर. माणूस गेला की घरचे फोटोवाल्याला बोलावणं धाडायचे. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, आजूबाजूला नातेवाईक, आणि शेवटचा फोटो. पण डोळे मिटलेला माणूस भिंतीवर लावायचा कसा? म्हणून सर त्या फोटोवर बारीक ब्रशाने डोळे काढून द्यायचे. उघडे. हार घातल्यावर वाटावं, माणूस आपल्याकडे बघतोय.

मिरजेतल्या निम्म्या भिंतींवर सरांनी उघडलेले डोळे आहेत.

हे काम ते विद्यार्थ्यांना शिकवत नसत. विद्यार्थ्यांना ते कला शिकवत.

त्या कलेचे नियम दोन होते. पहिला, चित्र उलटं धरून बघायचं. जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटंच दिसतं, पाय वर, डोकं खाली. सर म्हणायचे, ते बरंच आहे. सरळ बघितलंत तर तुम्हाला आई दिसेल, झाड दिसेल, म्हैस दिसेल. उलटं बघितलंत तर फक्त उजेड आणि अंधार दिसेल. फोटोग्राफरला तेवढंच कळलं पाहिजे. वर्गात सगळ्या मुलांची चित्रं उलटी टांगलेली असायची. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्याबद्दल खुलासा मागवला होता. तो मीच लिहिला. साहेबांचं समाधान झालं, म्हणजे त्यांची बदली झाली.

दुसरा नियम, उजेड कमी असेल आणि भिंगाची टोपी जास्त वेळ उघडी ठेवायची असेल, तर घड्याळ बघायचं नाही. श्वास मोजायचे.

शार्दूल हे दोन्ही नियम सगळ्यांत चांगले शिकला. साखर कारखान्यातल्या वजनकाट्यावरच्या माणसाचा मुलगा. तो शाळा सोडून गेला तेव्हा सरांनी आपला लाकडी कॅमेरा त्याला देऊन टाकला. आता तो पुण्यात असतो, काळे कुडते घालतो, आणि वर्तमानपत्रं त्याच्या नावाआधी 'सुप्रसिद्ध' लिहितात.

पुरस्काराच्या अर्जासोबत गुरूचं पत्र लागत होतं. पत्र त्याने स्वतःच टंकलिखित करून आणलं होतं. त्यात सरांनी त्याची बरीच स्तुती केली होती. फक्त सही राहिली होती.

"सही करतो," सर म्हणाले. "चित्र दाखव."

शार्दूलने पांढरे सुती हातमोजे चढवले आणि एका काळ्या सपाट पेटीतून चित्र काढलं. मी आयुष्यभर सरकारी कागद उघड्या बोटांनी हाताळले. कागदांचं काही बिघडलं नाही.

"याचं नाव 'निद्रा'," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीचा महापूर आठवतो ना, सर? नदीकाठच्या एका गावात, शाळेत छावणी होती. तिथलं आहे."

तो पूर मला आठवत होता. लोक शेळ्या, पत्र्याच्या ट्रंका, म्हातारी माणसं पाठीवर घेऊन निघाले होते. शार्दूल पुण्याहून तीन पायांचं स्टँड, काळं कापड आणि लाकडी कॅमेरा पाठीवर घेऊन उलट दिशेने गेला होता.

चित्र असं होतं. शाळेचा वर्ग. भिंतीवर पाढे. खिडकीतून पुराचा राखाडी उजेड येतोय. खिडकीखाली एक बाई बसलीय. तिच्या मांडीवर चार-पाच वर्षांचं पोर, दंडावर डोकं टेकून झोपलेलं. केस नीट विंचरलेले, डोळ्यांत काजळ. अंगावर चादर. बाई सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय.

सरांनी चित्र घेतलं आणि सवयीप्रमाणे उलटं केलं. मग भिंग डोळ्याला लावलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याला भिंगाशिवाय चालत नाही.

बराच वेळ ते बघत राहिले.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

शार्दूलचा चेहरा पहिल्या नंबराचा निकाल लागलेल्या पोरासारखा झाला. सरांच्या तोंडून हा शब्द कलाशाळेतही फार कुणी ऐकलेला नव्हता.

"ती पांढरी रेघ बघितलीत का, सर? चित्राच्या खालच्या कडेला. म्हणजे आता वरच्या. चादरीबाहेर. एका समीक्षकाने त्या रेघेवर पान भरून लिहिलंय. सबंध चित्राचा तोल त्या रेघेवर आहे म्हणाले."

"हं."

"दिल्लीत लोक तासभर उभे राहायचे. पण खरी दाद पुण्यात मिळाली. एक म्हातारी बाई आली होती, कुणाची तरी सासू असेल. चित्रापुढे आली, बघितलं, आणि चपला काढून हात जोडून उभी राहिली. चपला काढून, सर! कुठल्या समीक्षकाने काढल्या असत्या?"

सरांनी भिंग खाली घेतलं.

"चपला काढल्या?"

"हो."

"काही बोलली?"

"नाही. डोळे पुसले आणि गेली. कलेची ताकद, दुसरं काय?"

खालच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचक्या मारून आवाज बघत होतं.

मग त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"उजेड किती वेळ दिलास?"

"चार श्वास. तुम्ही शिकवलंत तसे. घड्याळ नव्हतंच बघितलं."

"कुणाचे?"

"काय, सर?"

"श्वास कुणाचे?"

"माझेच. दुसऱ्या कुणाचे असणार?"

"आईचेही आहेत," सर म्हणाले. "हा बघ पदर. कड दुहेरी झालीय. खांदा वर गेला, खाली आला."

"ते मुद्दाम ठेवलंय, सर. तिचा श्वास चित्रात उतरलाय, असं..."

"पोराचे कुठे आहेत?"

शार्दूल पुढे वाकला. "पोर अगदी स्थिर आहे. तेच तर सगळे म्हणतात, काय रेखीव आलंय! पापणीचा एकेक केस मोजता येतो."

"पुराची छावणी. चार-पाच वर्षांचं पोर. हललं नाही?"

"झोपलं होतं ना, सर."

"झोपलेलं पोर श्वास घेतं, शार्दूल."

...

मग सरांनी एक गोष्ट केली. विद्यार्थ्याच्या चित्राच्या बाबतीत ती करताना मी त्यांना पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी चित्र सरळ केलं.

"हेडक्लार्क," ते मला म्हणाले, "ती पांढरी रेघ काय आहे, तेवढं वाचा. माझा डोळा पोचत नाही."

त्यांचा डोळा पोचला होता. पण दुसरी सही लागणारी काही कामं असतात.

मी भिंग घेतलं. चादर जिथे संपत होती तिथे पोराची पावलं बाहेर आली होती. लहान, स्वच्छ धुतलेली. रेघ त्या पावलांवर होती. रेघ नव्हती ती. चिंधी होती.

"पायाचे अंगठे एकमेकांना बांधलेत, सर," मी म्हणालो.

माणूस गेला की अंगठे असे बांधतात. हे शार्दूलला माहीत नव्हतं असं नाही. त्याने स्वतःच्या आजोबांचे बांधलेले बघितले असतील. पुण्यात, दिल्लीत, ज्यांनी ज्यांनी पान भरून लिहिलं, त्यांच्याही घरांत कुणी ना कुणी गेलेलं असणारच. पण चित्र भिंतीवर होतं, खाली नाव 'निद्रा' होतं, आणि सगळे तोल बघत होते.

शार्दूलने चित्र हातात घेतलं.

"नाही," तो म्हणाला. "मी तिला म्हणालो होतो, सर. हलू नका बाई, नाहीतर तो उठेल."

"मग?"

"काही बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली."

"हलली?"

"...नाही."

"नंतर?"

"नंतर मी सामान आवरत होतो. तेव्हा म्हणाली, कवा मिळंल?"

"काय?"

"फोटो."

"तू काय म्हणालास?"

"पाठवतो म्हणालो."

"पाठवलास?"

...

"दिल्लीला पाठवला होता," मी म्हणालो. बोलायला नको होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

"खाली 'पूरग्रस्त माता' असं दिलंय, सर."

"खाली काय दिलंय ते नको. नाव."

खालचा माणूस भोपळ्याला टिचक्या मारत होता. एक भोपळा नापास झाला असावा, त्याने दुसरा घेतला.

"मला कळलं नाही, सर," शार्दूल शेवटी म्हणाला. "शपथेवर सांगतो. कळलंच नाही."

"कळणार कसं? काचेवर उलटं होतं. आणि उलटं बघायला मी शिकवलं."

शार्दूल खुर्चीत बसला. चित्र त्याने मांडीवर ठेवलं. आता हा रडणार, असं मला वाटलं. मी पाण्याचा तांब्या शोधायला लागलो. कुणी रडायला लागलं की पाणी द्यायचं, एवढं मला येतं.

पण तो चित्राकडे बघत होता. बघता बघता त्याच्या पाठीचा कणा सरळ झाला.

"सर," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "पण मग... मग तर हे चित्र आणखी मोठं झालं."

सरांची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली.

"म्हणजे बघा ना. आईला माहीत आहे. चित्राला माहीत आहे. फक्त बघणाऱ्याला माहीत नाही. हे आजवर कुणी केलेलं नाही, सर. फक्त नाव बदलावं लागेल. 'निद्रा'च्या जागी 'चिरनिद्रा'."

"शुद्धिपत्रक काढता येतं," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. त्याला ते खरंच वाटलं.

सर उठले. भिंतीचा आधार घेत कोपऱ्यातल्या उतरत्या टेबलापाशी गेले. टेबलावर धूळ होती. त्यांनी एक बारीक ब्रश, काळी शाई, पांढऱ्या रंगाची वडी आणि चिनी मातीची बशी काढली. बशीत पाणी ओतताना निम्मं सांडलं. त्यांचे हात कापतात. चहाही ते बशीतून पितात, कारण तो तसाही तिथेच जातो.

"इकडे दे," ते म्हणाले.

शार्दूलने चित्र दिलं. त्याला वाटलं असावं, सर मागे सही करणार.

सरांनी चित्र सरळच ठेवलं. ब्रश ओठांनी टोकदार केला.

"सर, काय करताय?"

ब्रश कागदाला टेकला आणि हात कापायचा थांबला.

"सर, ही प्रदर्शनाची प्रत आहे! सर! काका, सांगा ना त्यांना!"

मी काही सांगितलं नाही. माझ्या हाताखालच्या माणसांनीही माझं कधी ऐकलं नव्हतं.

आधी पांढरा. मग काळा. पापणीची वरची कड. मग सर थांबले आणि मला विचारलं, "खिडकी डाव्या अंगाला आहे ना?"

"हो."

दोन्ही बुब्बुळांत त्यांनी डाव्या अंगाला एकेक पांढरा ठिपका ठेवला. खिडकीचा.

पोराने डोळे उघडले आणि आमच्याकडे बघितलं.

मी बिस्किटाच्या डब्याकडे बघायला लागलो.

"वाळू दे," सर म्हणाले. "मग तिला नेऊन दे."

शार्दूलचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "आणि शिफारसपत्र? महिनाअखेर मुदत आहे, सर."

"ती म्हणाली 'चांगला आलाय', की सही करतो."

महिनाअखेरच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो पुन्हा आला.

काळी पेटी नव्हती, हातमोजेही नव्हते. चित्र एका जुन्या टॉवेलात गुंडाळलं होतं. कुडत्याला चिखल होता. तो न विचारता बसला. मी तांब्या पुढे केला. तो त्याने सगळा संपवला.

"मालन," तो म्हणाला. "तिचं नाव मालन. पोराचं दगडू."

सरांनी मान हलवली. आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू असं ठेवतात. दगडाला कुणी हात लावत नाही, अशी समजूत आहे.

"गाव नदीपासून वर हलवलंय. पत्र्याच्या खोल्या आहेत. विचारत विचारत गेलो. तिने मला लांबूनच ओळखलं, सर. म्हणाली, फोटोवालं आलं का? उशीर झाला म्हणाली नाही. बसायला पाट दिला."

"सांग."

"ताप होता पोराला. पहाटे गेला. तेवढ्यात कुणीतरी येऊन तिला सांगितलं, फोटोवाला आलाय. तिला वाटलं, त्यासाठीच आलोय. शेवटच्या फोटोसाठी. कुणीतरी बोलावणं धाडलं असेल. तिने शेजारणीकडून फणी आणली. काजळ घातलं. लोकांनी तिला खिडकीजवळची जागा मोकळी करून दिली. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं, काय सहज बसलीय!"

खाली आज एक सतार जुळत होती. एकच तार, पुन्हा पुन्हा.

"नेणारी माणसं बाहेर व्हरांड्यात उभी होती, सर. तयारी करून. माझा फोटो व्हायची वाट बघत. मी त्यांना बघितलं होतं. मी त्यांना म्हणालो, जरा बाजूला उभे राहा, उजेड अडतोय."

"राहिले?"

"राहिले. आणि मी ढग सरकायची वाट बघत होतो. किती तरी वेळ. कुणी एक शब्द बोललं नाही मला."

सरांनी हात पुढे केला. शार्दूलने टॉवेल सोडून चित्र त्यांना दिलं.

"परत आणलंस?"

"तिने दिलं."

"चांगला आलाय म्हणाली?"

"नाही."

...

"हातात घेतला तेव्हा आधी पदराने पुसला," शार्दूल म्हणाला. "मग दारात उजेडाला नेला. बघत राहिली. मग म्हणाली, पाय बरं आल्यात. हात बी बरं आल्यात. आणि मग म्हणाली..."

"काय?"

"म्हणाली, त्येचं डोळं असं नव्हतं."

सर चित्राकडे बघत होते. भिंग त्यांनी घेतलं नव्हतं.

मला मिरजेतल्या भिंती आठवायला लागल्या. आमच्याही घरी असा एक फोटो आहे, माझ्या वडिलांचा. त्यातले डोळे मी लहानपणापासून वडिलांचे म्हणून बघत आलोय. आई त्या फोटोसमोर फारशी उभी राहायची नाही. तिच्या गुडघ्यांमुळे, असं मी समजत होतो.

"मी म्हणालो, दुसरी प्रत आणून देतो," शार्दूल सांगत होता. "हात न लावलेली. डोळे मिटलेली. तर म्हणाली, तसला मी रोज बघती."

सतारीची तार जुळली असावी. खाली शांत झालं.

सर उठले. टेबलापाशी गेले. बशीत स्वच्छ पाणी घेतलं, कापूस बुडवून पिळला, आणि चित्रातल्या पोराच्या चेहऱ्यावरून तो हलकेच वरून खाली फिरवला. शाई कापसावर आली. पुन्हा एकदा फिरवला.

डोळे मिटले.

हात या वेळी कापत होता.

"सर," शार्दूल म्हणाला. त्याने खिशातून ते टंकलिखित पत्र काढलं. घडीवर चिखलाचा डाग पडला होता. "उद्या मुदत संपते."

सरांनी पत्र घेतलं आणि न वाचता टेबलावर ठेवलं. ब्रश धुतला. टोक ओठांनी नीट केलं आणि ब्रश पत्राशेजारी ठेवला.

"कसे नव्हते ते सांगितलंस," ते म्हणाले. "कसे होते?"

"ते... मी विचारलं नाही, सर."

सरांनी चित्र टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

"जा. कसे होते ते विचारून ये."

पुरस्काराची मुदत संपली आहे. अर्जदार पुन्हा त्या गावी गेल्याचे समजते. शिफारसपत्र सहीविना सरांच्या टेबलावर आहे. ब्रश त्याच्या शेजारी आहे. अर्ज प्रलंबित.